स्पीड रीडिंगचं अ‍ॅप वापरून बघितलं : शब्द पळतात, वाक्य हातात राहत नाही

सुरुवातीलाच सांगून टाकते, पाचपैकी दोन स्टार. आणि ते दोनही मनापासून दिलेत, कारण बनवणाऱ्यांनी मेहनत घेतलीय हे दिसतं, स्क्रीन एकदम स्वच्छ आहे, मध्येमध्ये जाहिराती येत नाहीत, पीडीएफ टाका नाहीतर लेखाची लिंक टाका, सगळं उघडतं. पण मूळ कल्पनाच चुकीच्या समजुतीवर उभी आहे आणि ती समजूत आहे मेंदूला वाक्य कसं कळतं याबद्दलची, जो माझा अगदी जुना नाद आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितेय. अ‍ॅपचं नाव मुद्दाम घेत नाहीये, याच पद्धतीची ढीगभर अ‍ॅप्स आहेत आणि मी जे लिहितेय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू आहे.

ज्यांनी हे बघितलंच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्रीनच्या मधोमध एक शब्द येतो, जातो, त्याच जागी पुढचा शब्द येतो, तो जातो, असं चालू राहतं. प्रत्येक शब्दातलं एक अक्षर लाल असतं, नजर त्या लाल अक्षरावर ठेवायची आणि डोळे अजिबात हलवायचे नाहीत. वेग तुम्ही ठरवायचा, मिनिटाला २०० शब्दांपासून थेट १००० पर्यंत. ही काही आजची आयडिया नाही बरं का, लॅबमध्ये ही पद्धत १९७० च्या आसपासच आली, केनेथ फॉर्स्टर नावाच्या संशोधकाने वापरली आणि पुढे ती रुळली, पण तिथे हेतू वेगळा होता, वाक्य डोक्यात कसं उलगडतं ते मोजायचं होतं, लोकांना जास्त पुस्तकं वाचायला लावायची नव्हती.

आता पहिला अनुभव. अ‍ॅप उघडलं की एक छोटा डेमो येतो, तीन-चार छोटी वाक्यं, वेग हळूहळू वाढत जातो, आणि शेवटी स्क्रीन सांगते की तुम्ही आत्ता मिनिटाला ५०० शब्दांनी वाचलंत. आणि खरंच वाचलेलं असतं! कळलेलं असतं! त्या क्षणी वाटतं की अरे इतकी वर्षं आपण उगाच रेंगाळत वाचत होतो. मलाही भारी वाटलं आणि यात फसवणूक काही नाहीये, हे खरोखर होतं. मेरी पॉटर या संशोधिकेने असले प्रयोग कित्येक वर्षं केले आणि एक सुटं वाक्य सेकंदाला बारा शब्द इतक्या वेगाने दाखवलं तरी लोकांना त्याचा अर्थ लागतो हे दाखवलं. सेकंदाला बारा म्हणजे मिनिटाला ७२०. मेंदू शब्द ओळखण्यात प्रचंड फास्ट आहे, त्यात वादच नाही.

पण तिचं पुढचं म्हणणं डेमोत नसतं. एक वाक्य कळतं, पण तशाच वेगाने एकामागून एक वाक्यं ओतत राहिलं, अख्खा परिच्छेद तसा दाखवला, तर बराचसा मजकूर लक्षातच राहत नाही. कारण कळलेला अर्थ पक्का व्हायला थोडा अवकाश लागतो, तो मिळायच्या आधीच पुढचा माल येऊन आदळतो. वाक्य संपल्यावर आपण जी अर्ध्या सेकंदाची उसंत घेतो ना, ती आळस नाहीये, तेव्हा काम चालू असतं. मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी १९८० मध्ये वाचणाऱ्यांच्या डोळ्यांची नोंद घेऊन हेच दाखवलं होतं, की वाक्याच्या शेवटच्या शब्दावर नजर जास्त वेळ थांबते, तिथे मेंदू आत्तापर्यंतचं सगळं गुंडाळून एक गाठोडं बांधत असतो. या अ‍ॅपमध्ये पूर्णविरामाला थोडं थांबायचा ऑप्शन आहे, चांगली गोष्ट आहे, पण सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत लपवलाय आणि सुरुवातीला बंद असतो. वापरणार असाल तर आधी तो चालू करा, बाकी काही नाही केलंत तरी चालेल.

आता मुख्य दाव्याकडे येते. अ‍ॅपच्या पहिल्याच स्क्रीनवर लिहिलंय की वाचताना बहुतेक वेळ डोळे हलवण्यात वाया जातो, आम्ही डोळे हलवणंच बंद करतो, म्हणून वेग वाढतो. ऐकायला एकदम पटतं. पण आकडे बघा. वाचताना डोळा सरकत जात नाही, उड्या मारतो. एका जागी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबतो, मग २०-३५ मिलिसेकंदांची एक उडी, मग परत थांबतो. म्हणजे उडीत जाणारा वेळ सगळा मिळून दहा टक्क्यांच्या आसपास. आणि त्या उडीच्या वेळात मेंदू काही हातावर हात ठेवून बसलेला नसतो, आधी पाहिलेल्या शब्दावर त्याचं काम चालूच असतं. मग वाचवलं काय?

उलट डोळे हलवून आपण जे कमावतो ते सगळं जातं. एक म्हणजे पुढचा शब्द आधीच अर्धवट दिसणं. नजर एका शब्दावर असताना त्याच्या उजवीकडची काही अक्षरं आपल्याला धूसर का होईना दिसत असतात, इंग्रजी वाचणाऱ्यांवरच्या प्रयोगांत ही मर्यादा उजवीकडे १४-१५ अक्षरांपर्यंत निघालीय, आणि त्या धूसर दिसण्यामुळे पुढचा शब्द वाचायला कमी वेळ लागतो. दुसरं म्हणजे छोटे, अपेक्षित शब्द आपण चक्क उडवून पुढे जातो, इंग्रजीत जवळजवळ तीस टक्के शब्दांवर नजर थांबतच नाही. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, आपण मागे जातो. वाचतानाच्या उड्यांपैकी १० ते १५ टक्के मागच्या दिशेने असतात. ही सवय वाईट आहे, घालवा, असं स्पीड रीडिंगवाले कायम सांगतात, या अ‍ॅपमध्येही टिप्स म्हणून तेच लिहिलंय.

तर त्या मागे जाण्यावर एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रॅन आणि कीथ रेनर यांचा २०१४ चा एक साधासोपा प्रयोग आहे. लोकांना नेहमीसारखी वाक्यं वाचायला दिली, फक्त एक बदल, नजर पुढे गेली की मागचे शब्द फुल्यांनी झाकले जायचे. म्हणजे डोळा मागे नेला तरी तिथे काही नाही. समज घसरली. आणि फक्त गुंतागुंतीच्या वाक्यांचीच घसरली असं नाही, साध्या वाक्यांतही फरक पडला. कीथ रेनर म्हणजे वाचनातल्या डोळ्यांच्या हालचालींवर आयुष्य घालवलेला माणूस, २०१५ मध्ये गेले, आणि त्यांचं नाव असलेला २०१६ चा मोठा आढावा याच विषयावर आहे, त्यात निष्कर्ष स्पष्ट आहे की वेग आणि समज यांत देवाणघेवाण होते, एक वाढवलं की दुसरं कमी होतं, आणि वाचनाचा वेग अडतो तो डोळ्यांपाशी नाही तर भाषा समजण्यापाशी. नळ मोठा सोडला म्हणून नरसाळ्याचं तोंड मोठं होत नाही, इतकं साधं आहे हे.

आता भाषा समजण्यापाशी अडतो म्हणजे नेमकं काय अडतं? हा भाग मला सगळ्यात आवडतो.

हे वाक्य बघा: त्याने शर्टाची बटणं लावली, केस विंचरले आणि पायात ढग घातले. "ढग"वर अडखळलात ना? ते अडखळणं मोजता येतं. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये डोक्यावर इलेक्ट्रोड लावून हेच केलं, वाक्यं दाखवली, काहींचा शेवटचा शब्द विसंगत ठेवला, आणि तो शब्द दिसल्यापासून साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत लहरीत एक ठळक निगेटिव्ह लाट आली. तिचं नाव एन ४००. नंतर १९८४ मध्ये त्यांनीच दाखवलं की ही लाट फक्त विचित्र शब्दालाच येते असं नाही, शब्द जितका अनपेक्षित तितकी ती मोठी, अपेक्षित असेल तर लहान. म्हणजे मेंदू वाक्य संपायची वाट बघत बसत नाही, प्रत्येक शब्द आला की लगेच आत्तापर्यंतच्या अर्थात तो बसवून बघतो, आणि जे यायची शक्यता आहे त्याची तयारी आधीच करून ठेवलेली असते.

गंमत म्हणजे त्या प्रयोगातही शब्द एकेक करूनच दाखवले होते, अगदी या अ‍ॅपसारखे! फरक एवढाच की दोन शब्दांमध्ये भरपूर वेळ ठेवला होता. आता हिशोब करा. अ‍ॅपमध्ये ६०० चा वेग लावला तर एका शब्दाला १०० मिलिसेकंद मिळतात. एका शब्दाचा अर्थ वाक्यात बसवण्याचं काम शिगेला पोचतं ते ४०० च्या आसपास, म्हणजे तोपर्यंत पुढचे चार शब्द येऊन उभे राहिलेले असतात. नेहमीच्या वाचनातही थोडं ओव्हरलॅप होतंच, पण तिथे शब्द अवघड वाटला की डोळा आपोआप जास्त थांबतो, तो वेग आतून ठरतो. इथे घड्याळ बाहेरचं आहे, त्याला तुमच्या डोक्यात काय चाललंय ते माहीतच नाही.

आणि अर्थ बसवताना मेंदू फक्त शब्दकोश उघडतो असंही नाही. पीटर हॅगूर्ट आणि सहकाऱ्यांचा २००४ चा नेदरलँड्समधला प्रयोग मला फार आवडतो. तिथल्या रेल्वेगाड्या पिवळ्या असतात हे तिथल्या सगळ्यांना माहीत आहे. लोकांना तीन प्रकारची वाक्यं दिली: डच गाड्या पिवळ्या असतात, डच गाड्या पांढऱ्या असतात, डच गाड्या आंबट असतात. दुसरं वाक्य भाषा म्हणून बरोबर आहे, फक्त खोटं आहे. तिसरं अर्थ म्हणूनच चुकतं. आपल्याला वाटेल की आधी वाक्याचा अर्थ लागत असेल आणि मग ते खरं की खोटं हे तपासलं जात असेल. तसं नाही झालं, "पांढऱ्या" आणि "आंबट" दोन्हीला एन ४०० साधारण त्याच वेळी आला. म्हणजे शब्दाचा अर्थ आणि जगाबद्दल आपल्याला असलेली माहिती दोन्ही एकाच वेळी कामाला लागतात. हे वाचून मी खरंच थक्क झाले होते, अर्ध्या सेकंदाच्या आत एवढं सगळं! अशा यंत्रणेला आपण सांगतोय की तू सावकाश आहेस, मी तुझा वेग वाढवते.

दुसरं काम बांधणीचं. कोणी कोणाला काय केलं हे शब्दांच्या ढिगातून उभं करायचं. ख्रिस्तोफ पालिये, आन-दोमिनिक दव्होशेल आणि स्टानिस्लास दहान यांनी २०११ मध्ये बारा शब्दांच्या साखळ्या दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, कधी बारा सुटे शब्द, कधी दोन-दोन शब्दांचे तुकडे, कधी चार, सहा, आणि कधी पूर्ण बारा शब्दांचं एक वाक्य. शब्द तेवढेच, पण तुकडा जितका मोठा तितकी डाव्या बाजूच्या पुढच्या आणि कानशिलाकडच्या काही भागांतली हालचाल वाढत गेली. म्हणजे वाक्य ही खरीच एक उभी राहणारी वस्तू आहे मेंदूत, शब्द मोजून तिचा हिशोब लागत नाही. आणि अ‍ॅपचा काउंटर काय मोजतो? शब्द. "आज तुम्ही इतके शब्द वाचलेत" असं रोज रात्री नोटिफिकेशन येतं. ते बंद करता येतं, मी केलं.

इथे मराठीचा मुद्दा येतो आणि मराठीत वाचणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा. आपलं क्रियापद शेवटी. त्यामुळे वाक्य उघडं ठेवून मेंदूला बराच वेळ थांबावं लागतं. ही दोन वाक्यं घ्या:

डॉक्टरांनी पेशंटला दिलेली गोळी परत घेतली.
डॉक्टरांनी पेशंटला दिलेली गोळी नर्सने परत घेतली.

पहिल्यात गोळी परत घेणारे डॉक्टर. दुसऱ्यात "नर्सने" आलं की सगळं हलतं, डॉक्टर फक्त देण्यापुरते उरतात, घेणारी नर्स. चार शब्दांपर्यंत दोन्ही वाक्यं अगदी एकसारखी आहेत! म्हणजे पाचव्या शब्दाला मेंदूला आधीची बांधणी सोडून नवी करायची असते. अशा फेरबांधणीचीही एक लाट सापडलीय, ली ऑस्टरहाउट आणि फिलिप होल्कोम्ब यांनी १९९२ मध्ये दाखवलेली, साधारण ६०० मिलिसेकंदांना येणारी पॉझिटिव्ह लाट, पी ६०० म्हणतात तिला. कागदावर वाचताना डोळा अशा जागी किंचित थांबतो, कधी "डॉक्टरांनी"वर जाऊन परत येतो, आपल्याला कळतही नाही. अ‍ॅपमध्ये "नर्सने" आलं आणि गेलं. मी अशी वाक्यं मुद्दाम टाकून बघितली, ४५० च्या वेगाला वाक्य संपल्यावर डोक्यात एक धूसर चित्र उरतं, डॉक्टर, पेशंट, गोळी, नर्स, काहीतरी परत घेतलं. सगळी मंडळी हजर, पण कोणी काय केलं ते विचाराल तर अंदाजच.

नकाराचंही तेच. "या औषधाचा किडनीवर परिणाम होतो असं आतापर्यंतच्या अभ्यासांत दिसलेलं नाही." अख्खं वाक्य एका शेवटच्या शब्दावर टांगलेलं. ५०० च्या वेगाला त्या "नाही"ला १२० मिलिसेकंद मिळतात. आणि पापणी लवायलाच दहावा हिस्सा सेकंद ते त्याच्या तिप्पट वेळ लागतो! म्हणजे नेमकी तेव्हा पापणी लवली तर वाक्याचा अर्थच उलटा झाला आणि तुम्हाला पत्ताही नाही. साध्या वाचनात पापणी लवून काही बिघडत नाही कारण शब्द तिथेच असतो. इथे म्हणून माणूस नकळत पापण्या कमी लवतो, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. २०१५ मध्ये अशाच पद्धतीच्या वाचनावर एक प्रयोग झाला होता, त्यात पापण्या कमी लवणं, डोळे जास्त थकणं आणि मजकुरातले सरळ तपशील कमी लक्षात राहणं हे तिन्ही दिसलं. माझे डोळे तर अर्ध्या तासात लाल व्हायचे. ज्या अ‍ॅपने डोळ्यांना आराम देतो म्हणून सांगितलं त्याच्याकडून हे अपेक्षित नव्हतं.

देवनागरीचं तर विचारूच नका. ते लाल अक्षर ठरवताना अ‍ॅप कॉम्प्युटरच्या हिशोबाने अक्षरं मोजतं, म्हणजे काना वेगळा, मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. त्यामुळे "विद्यार्थ्यांनी" हा शब्द आला की रंग नेमका मधल्याच कुठल्यातरी चिन्हावर पडतो आणि जोडाक्षर फुटतं, रफार एकीकडे, य भलतीकडे, आणि कधीकधी तो ठिपक्यांचा रिकामा गोल त्याला चिकटलेला काना घेऊन उभा राहतो. "स्थिती"मध्ये पहिली वेलांटी लाल आणि तिचं अक्षर काळं. शब्द ओळखायलाच ठेच लागली तर पुढचं सगळं लांबच. शिवाय लांब शब्द अ‍ॅप तोडून दोनदा दाखवतं आणि आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच जोडून लिहितात, "त्यांच्याबरोबरच्यांनीसुद्धा" हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतील. तो मधूनच तोडलेला, कधी अक्षर या तुकड्यात आणि मात्रा त्या तुकड्यात. आणि मिनिटाला इतके शब्द हा आकडाही म्हणूनच मराठीला जसाच्या तसा लावून उपयोग नाही. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून इंग्रजीतल्या माहितीपर मजकुराच्या मूक वाचनाचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द काढला, गोष्टी-कादंबऱ्यांचा २६०. आपले शब्द लांब, एकेका शब्दात माहिती जास्त, तेव्हा मराठीत आकडा कमी आला तर आपण हळू वाचतो असं मुळीच समजू नका. अ‍ॅप मात्र माझ्या नेहमीच्या वेगाला "सुधारणेला वाव आहे" असा शेरा देतं.

मजकूर आत घेताना हे अ‍ॅप शीर्षकं, उपशीर्षकं, परिच्छेद सगळं सपाट करून एका ओळीत ओतून टाकतं. हे किती महागात पडतं ते सांगते. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन यांचा १९७२ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. एक उतारा वाचून दाखवला, त्यात आधी वस्तूंचे वेगवेगळे ढीग करा, एका वेळी फार जास्त घेऊ नका, झालं की परत गटांत लावा, असली वाक्यं. प्रत्येक वाक्य सोपं, एकही शब्द अवघड नाही, तरी लोकांना काही कळेना आणि काही आठवेना. ज्यांना आधी सांगितलं की विषय कपडे धुण्याचा आहे त्यांना सगळं स्वच्छ कळलं. आणि ज्यांना उतारा संपल्यावर विषय सांगितला त्यांना काहीच फायदा झाला नाही. म्हणजे शीर्षक ही सजावट नाहीये, अर्थ कुठल्या खुंटीला अडकवायचा ते ती सांगते आणि तेही आधीच सांगावं लागतं. या अ‍ॅपमध्ये शीर्षक पण बाकीच्या शब्दांसारखंच भुर्रकन निघून जातं, ते शीर्षक होतं हेच कळत नाही.

"मनातल्या मनात उच्चारू नका" हीसुद्धा एक टिप आहे. सोपा मजकूर असेल तर ठीक, पण १९७० मध्ये हार्डिक आणि पेट्रिनोविच यांनी वाचणाऱ्यांच्या घशाच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून, स्नायू हलले की आवाज वाजेल अशी सोय करून, लोकांना तो आतला उच्चार दाबायला लावला होता आणि अवघड मजकुराची समज त्याने घसरली. तो आतला आवाज शब्दांना थोडा वेळ धरून ठेवतो, लांब वाक्याचं सुरुवातीचं टोक शेवटपर्यंत हातात राहतं ते त्याच्यामुळे. कृपा करून तो दाबू नका, विशेषतः मुलांना तर असं अजिबात शिकवू नका.

आता क्विझ. प्रत्येक लेखानंतर पाच प्रश्न येतात आणि बहुतेक वेळा ८० ते १०० टक्के मार्क पडतात, ते बघून वाटतं की सगळं कळलंय. पण प्रश्न बघा. मधमाश्यांवरच्या लेखानंतर प्रश्न होता, मधमाश्या एकमेकींना फुलांची दिशा कशी सांगतात, पर्याय: नाचून, ओरडून, रंग बदलून, चित्र काढून. हे लेख न वाचताही कोणीही सांगेल. "लेखकाच्या मते अमुक झाल्यामुळे तमुक झालं की उलट" असा एकही प्रश्न नाही, आणि एकेक शब्द बघताना निसटतं ते नेमकं तेच. शब्द सगळे दिसलेले असतात, त्यांच्यामधली नाती निसटतात. मी म्हणून स्वतःच चाचणी केली, वाचून झाल्यावर स्क्रीन बंद करून लेखाचा युक्तिवाद दोन-तीन वाक्यांत लिहायचा. ३०० पर्यंत जमतं. ४०० च्या पुढे विषय सांगता येतो, मुद्दा सांगता येत नाही.

मग चांगलं काहीच नाही का? आहे ना. छोट्या स्क्रीनवर, म्हणजे घड्याळावर वगैरे, मेसेज किंवा बातमीचं एखादं वाक्य वाचायला ही पद्धत छान आहे. जे एकदा नीट वाचलंय त्याची धावती उजळणी करायलाही बरी, कारण वाक्यांची बांधणी डोक्यात आधीच झालेली असते. आणि ज्यांची नजर ओळीवरून घसरते, ओळ चुकते, त्यांना एकेक शब्द समोर येण्याने सोपं वाटू शकतं, मात्र वेग कमी ठेवून. याच अ‍ॅपमध्ये पानाचा मोडही आहे, अख्खं पान दिसतं आणि एक फिकट पट्टा ओळीमागून ओळ सरकत राहतो, तो मला खरंच आवडला. डोळे मोकळे, मागे जाता येतं, शीर्षक जागेवर दिसतं, आणि पट्ट्यामुळे लक्ष भरकटत नाही. दोन स्टारपैकी दीड त्याचेच आहेत.

बाकी ज्यांना खरंच जास्त वेगाने वाचायचंय त्यांना अ‍ॅपपेक्षा कंटाळवाणा उपाय आहे, जास्त वाचणं. शब्दसंपत्ती वाढली, विषयाची माहिती वाढली की पुढचा शब्द काय येईल याचा मेंदूचा अंदाज जास्त बरोबर यायला लागतो आणि वेग आपोआप वाढतो, समज न घालवता. त्याला डाउनलोड काहीच लागत नाही.

बनवणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर माझं मागणं एवढंच आहे: देवनागरीत अक्षर मोजताना अख्खं जोडाक्षर मात्रेसकट एक धरा, शीर्षक आणि परिच्छेद जपा, पूर्णविरामाची उसंत सुरुवातीपासूनच चालू ठेवा, आणि "दहा शब्द मागे"च्या बटणाऐवजी बोट लावलं की आख्खं वाक्य समोर उघडेल असं काहीतरी द्या, कारण दहा शब्द मागे गेलं की आपण बहुतेक वेळा कुठल्यातरी वाक्याच्या मध्येच पडतो. एवढं केलंत तर मी स्वतः येऊन रेटिंग बदलेन. तोवर पानाचा मोड वापरा, वेग २५०-३०० च्या वर नेऊ नका, आणि औषधाची माहिती, करार, परीक्षेचा अभ्यास यातलं काहीही या एकेक शब्दाच्या मोडमध्ये वाचू नका.